अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर?

भाईंदर पश्चिमेला महापालिकेच्या इंदिरा गांधी भवनात नळजोडणीसाठी दिलेला अर्ज आणि भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यातून पॉलिशला पाठवलेला स्टीलच्या पातेल्यांचा लॉट, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी दोन्हींबद्दल दिवसभर विचारलं जातं ते एकच: आत्ता कुठे आहे, कोणाकडे थांबलंय आणि पुढे कधी सरकणार? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एखाद्या जुन्याजाणत्या लिपिकाच्या किंवा मुनीमजींच्या डोक्यात असतं. ते रजेवर गेले की प्रश्न तसाच राहतो.

हे उत्तर माणसाच्या डोक्यातून काढून सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवणं, हे वर्कफ्लो इंजिनाचं काम. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशी कितीतरी इंजिनं ओपन सोर्स म्हणून, म्हणजे मूळ कोडसह, कोणालाही घेता येतील अशा रीतीने उपलब्ध झाली. मिरा-भाईंदरसारख्या शहराला त्यांचा उपयोग किती, कुठे आणि कोणत्या अटीवर, याचा हा आढावा. शहराची वाढ लक्षात घेतली तर प्रश्नाची निकड कळते. 12 जून 1985 ला ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2011 मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. एवढ्या लोकांचे अर्ज तोंडी चौकशीवर चालवणं कोणत्याही कार्यालयाला झेपणारं नाही.

आधी इंजिन करतं काय ते पाहू. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लिपिकानंतर उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता’ हा क्रम प्रोग्रामरने कोडमध्ये कुठेतरी पुरलेला असतो. क्रम बदलायचा तर प्रोग्रामर शोधा, त्याला पैसे द्या, वाट बघा. इंजिनात हा क्रम कोडच्या बाहेर राहतो. तो आकृतीत किंवा साध्या यादीत लिहिलेला असतो: पायरी कोणती, ती कोणत्या पदाने करायची, काय केलं की पुढची पायरी कोणती, किती दिवसांत, आणि उशीर झाला तर कोणाला कळवायचं. इंजिन ती आकृती वाचतं आणि प्रत्येक अर्ज त्या वाटेने चालवतं. या आकृत्यांची सर्वमान्य चित्रभाषा म्हणजे बीपीएमएन. वर्तुळ म्हणजे घटना, चौकट म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे फाटा. तिची पहिली आवृत्ती 2004 ची. 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीने मोठी गोष्ट साधली. चित्र साठवायची आणि ते इंजिनात चालवायची पद्धतही प्रमाणित झाली, त्यामुळे काढलेलं चित्र हीच इंजिनाने चालवायची फाइल झाली. भिंतीवरचा तक्ता आणि प्रत्यक्ष कारभार यांत अंतर पडायचं कारण उरलं नाही.

हे सगळं परदेशातून आलेलं नवं शास्त्र आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी फेरफाराची नोंद आठवावी. शहराच्या हद्दीतल्या राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन इथल्या ज्यांच्या जमिनी अजून सातबाऱ्यावर आहेत त्यांना ही वाट पाठ असते. खरेदीखत झालं की तलाठी गाव नमुना 6 मध्ये नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 खाली हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर नोंद ‘तक्रारी’ होते, नमुना 6अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. यात भूमिका आहेत, फाटा आहे, मुदतीचं घड्याळ आहे, आणि प्रत्येक पायरीची लेखी खूणही आहे. बीपीएमएनच्या वर्गात उदाहरण म्हणून शिकवावी इतकी ही प्रक्रिया नीट बांधलेली आहे. पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, केलेल्या ई-फेरफार प्रणालीत ती संगणकावर चालते. प्रणाली सुकर झाली याचं मोठं श्रेय, माझ्या मते, त्या जुन्या नियमांच्या स्पष्टपणाला आहे.

महाराष्ट्रात हा विचार वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा झाला. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातली बैठकव्यवस्था, कागदांची वर्गवारी आणि अभिलेखांची मांडणी बदलली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव प्रशासनात आजही घेतलं जातं. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम चालवली. मधल्या काळात, 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली आणि कागदावरच्या फायली किती नाजूक असतात ते राज्याने पाहिलं. त्यानंतर ई-ऑफिसचा आग्रह वाढला. 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. पदनिर्देशित अधिकारी कोण, किती दिवसांत सेवा द्यायची, नाही दिली तर अपील कोणाकडे, हे जाहीर करणं बंधनकारक झालं. कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद झाली. कायद्याने दिवस ठरवून दिले. ते दिवस प्रत्येक अर्जागणिक, प्रत्येक टेबलागणिक मोजणारी यंत्रणा उभी करणं हे उरलेलं काम, आणि वर्कफ्लो इंजिन नेमकं त्यासाठी असतं.

आता इंजिनांच्या घराण्याकडे वळू. हा भाग तांत्रिक असला तरी निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण घराण्यात वाटण्या फार झाल्या. कार्ल आडाम पेट्री या जर्मन गणितज्ञाने 1962 च्या प्रबंधात एकाच वेळी चालणाऱ्या क्रिया मांडायची पद्धत दिली, तो पाया. व्यवहारातली कथा टॉम बायेन्स या बेल्जियन अभियंत्यापासून सुरू करता येते. त्याचं जेबीपीएम 2004 मध्ये जेबॉस कंपनीच्या छत्राखाली गेलं. 2010 मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि अल्फ्रेस्कोच्या पाठबळावर ॲक्टिव्हिटी उभं राहिलं. त्यातून 2013 मध्ये बर्लिनची कामुंडा वेगळी झाली आणि 2016 मध्ये फ्लोएबल. या तिघांचा रक्ताचा संबंध आजही डेटाबेसमध्ये दिसतो. कोणतंही उघडा, चालू कामांचा तक्ता ‘एसीटी_आरयू_टास्क’ याच नावाने भेटतो. आरयू म्हणजे चालू, एचआय म्हणजे इतिहास, आरई म्हणजे मूळ आकृत्यांचा साठा. फ्रान्समधून आलेलं बोनिता वेगळ्या घराण्यातलं. टेम्पोरल नावाचं 2019 नंतर गाजलेलं इंजिन उबरमध्ये जन्मलेल्या केडन्समधून निघालं, पण ते प्रोग्रामरांसाठी आहे. त्यात चित्र नाही, क्रम पुन्हा कोडमध्येच लिहायचा. पालिकेच्या किंवा कारखान्याच्या लोकांनी स्वतः वाचावं असं काही त्यात नसतं, म्हणून इथे त्याचा विचार सोडून देतो.

कामुंडाचं उदाहरण मात्र जरा थांबून पाहावं असं आहे. तिची सातवी मालिका जगभर बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत पसरली, कारण ती खरोखर मोकळी होती. आठवी मालिका नव्या पायावर बांधली गेली, आणि ऑक्टोबर 2024 च्या 8.6 आवृत्तीपासून ती प्रत्यक्ष कामकाजात वापरायला परवाना लागू लागला. सातव्या मालिकेची मोफत आवृत्ती ऑक्टोबर 2025 मध्ये थांबली. ज्यांनी ती बसवली होती त्यांच्यापुढे तीन वाटा आल्या: पैसे देऊन आठवीवर जा, दुरुस्त्यांशिवाय जुनीच चालवा, किंवा त्याच कोडमधून इतरांनी पुढे चालवलेल्या ऑपरेटन, सीआयबी सेव्हन अशा शाखांकडे वळा. ही तिसरी वाट ओपन सोर्समुळेच उघडी राहिली. कोड बंद असता तर कंपनीने दार लावलं की प्रश्न संपला असता. पण शाखा बदलण्याइतकं तांत्रिक बळ घरात नसेल तर ही मोकळीक कागदावरच राहते. ओपन सोर्सचा विचार करणाऱ्या प्रत्येक महापालिकेने ही गोष्ट फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

नागरी कारभारासाठी भारतात या क्षेत्रात जे सर्वांत मोठं काम झालं ते बेंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी 2003 मध्ये ही संस्था सुरू केली. तिचं डिजिट हे व्यासपीठ एमआयटी परवान्याखाली खुलं आहे. पंजाबच्या नगरपालिकांत एमसेवा या नावाने ते चाललं. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय नागरी डिजिटल मिशन जाहीर झालं आणि त्यात राष्ट्रीय नगर व्यवहार संस्थेने डिजिटच्याच कोडवरून उपयोग हे रूप पुढे आणलं.

डिजिटमध्ये बीपीएमएनचं चित्र नाही. तिथे प्रत्येक सेवेसाठी एक साधी यादी असते. खड्ड्याच्या तक्रारीचं उदाहरण घ्या. तक्रार नोंदवली की तिची अवस्था ‘नेमणुकीच्या प्रतीक्षेत’. या अवस्थेत तक्रार-वाटप अधिकारी दोनच गोष्टी करू शकतो, कोणाकडे तरी सोपवणं किंवा नाकारणं. सोपवली की ती प्रत्यक्ष रस्त्यावर जाणाऱ्या कर्मचाऱ्याकडे येते. त्याने ‘निवारण झालं’ म्हटलं तरी तक्रार लगेच बंद होत नाही. नागरिक तिला गुण देऊन बंद करू शकतो किंवा पुन्हा उघडू शकतो. प्रत्येक अवस्थेपुढे मुदत असते, आणि ती मिलिसेकंदांत लिहायची असते. पंधरा दिवस म्हणजे 1,29,60,00,000. हा आकडा पाहून विभागप्रमुख दचकतील, पण बाकीची यादी त्यांनी अर्ध्या तासात वाचून समजून घ्यावी इतकी सोपी आहे. अवस्थेचं नाव आत इंग्रजीत एकच राहतं, पडद्यावर ते मराठीत दाखवायचं की हिंदीत ते वेगळ्या कोशातून ठरतं. 2022 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या स्थानिक प्राधिकरणांना मराठीतून कारभार बंधनकारक केला आहे, म्हणून ही सोय इथे मोलाची.

मला डिजिटची ही साधी यादी नागरी सेवांसाठी बीपीएमएनपेक्षा योग्य वाटते. चित्र देखणं असतं, पण त्यात समांतर फाटे, अडथळ्याच्या घटना, उपप्रक्रिया अशी सामग्री इतकी असते की काही महिन्यांत ते आकृती काढणाऱ्यालाच कळेल असं होऊन बसतं. अवस्थांची यादी कोणालाही वाचता येते. बांधकाम परवानगीसारखी, अग्निशमन, वृक्ष, पाणी अशा अनेक खात्यांचे ना-हरकत दाखले एकाच वेळी मागवणारी प्रक्रिया मात्र यादीत मावत नाही. तिथे बीपीएमएनचं समांतर फाटे जुळवणारं इंजिनच हवं.

डिजिटची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते जड आहे. डझनावारी लहान सेवा, त्यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारं काफ्का, पोस्टग्रेस हा डेटाबेस, शोधासाठी वेगळी यंत्रणा, आणि हे सगळं सांभाळणारं कुबरनेटीज. एका महापालिकेने स्वतःच्या संगणक विभागाच्या जिवावर हे पेलावं अशी अपेक्षा अन्यायाची होईल. डिजिट पंजाबसारख्या ठिकाणी चाललं ते राज्यपातळीवर एकदा उभं करून सगळ्या शहरांना वापरायला दिल्यामुळे. महाराष्ट्रात कल्याण-डोंबिवलीने या शतकाच्या सुरुवातीला नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकरणात पुढाकार घेतला आणि तो नमुना इतर शहरांपुढे ठेवला गेला. त्या काळी एका शहराने स्वतःच्या बळावर वाट काढणं शक्य होतं. आज मिरा-भाईंदरने एकट्याने डिजिट उभारावं असं मी म्हणणार नाही. राज्याने उभारावं, आणि महापालिकेने आपल्या सेवांच्या याद्या आपण लिहाव्यात, हा क्रम योग्य.

महापालिकेबाहेर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, या विषयाचं वेगळंच रूप दिसतं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी बनवणारे लहान गाळे आहेत. तिथे एक पातेलं क्वचितच एका छताखाली पूर्ण होतं. पत्र्याचे सर्कल एकाकडे कापले जातात, प्रेस दुसऱ्या गाळ्यात, कडा कापणं आणि स्पिनिंग तिसरीकडे, बफिंग चौथीकडे. माल चलानावर जातो आणि चलानावर परत येतो. वजन कमी येतं, कारण कटिंगमध्ये आणि पॉलिशमध्ये घट होतेच. ती किती मान्य करायची यावर रोज वाद. दिलेला माल परत आला का, किती राहिला, कोणाचं बिल पास करायचं, हे वहीत आणि व्हॉट्सॲपवर विखुरलेलं असतं.

या व्यवहाराला कायद्याची तीन बंधनं लागलेली आहेत. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर आयकर कायद्याप्रमाणे ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. बफिंग करणारा गाळा उद्यम नोंदणी केलेला असेल तर हे थेट लागू होतं. तिसरं, 14 मार्च 2024 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने स्टीलच्या भांड्यांना आयएस 14756 या मानकाची चौकट आणली, म्हणजे कोणत्या लॉटची तपासणी कोणी केली याची नोंद ठेवणं आलं.

इतक्या लहान उद्योगाने कामुंडा किंवा फ्लोएबल बसवू नये. त्यांच्यासाठी योग्य वस्तू जवळच, मुंबईत बनते. ऋषभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय चालवायचं सॉफ्टवेअर पूर्ण ओपन सोर्स आहे, आणि त्याच्या मुळाशी एका कौटुंबिक फर्निचर व्यवसायाची गरज होती. त्यात वर्कफ्लो ही वेगळी सोय आहे. चलान, बिल, खरेदी आदेश, कोणत्याही कागदाला अवस्था द्यायच्या, एका अवस्थेतून दुसरीत कोणत्या भूमिकेने न्यायचं ते ठरवायचं, आणि अट घालायची. समजा, घट ठरलेल्या टक्क्यांच्या आत असेल तर सुपरवायझरने बिल पुढे करायचं. जास्त असेल तर ते मालकाच्या मंजुरीला जाईल. आत प्रत्येक कागद मसुदा, सादर आणि रद्द अशा तीन ठाम स्थितींतच असतो. सादर झालेला कागद गुपचूप बदलता येत नाही, रद्द करून नवा करावा लागतो, आणि रद्द केल्याची खूण राहते. मान्य केलेली घट नंतर कोणी खोडून बदलू शकत नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असलं की भांडणाचं निम्मं कारण संपतं. जॉबवर्कला दिलेल्या मालाचा हिशेबही त्यात अंगभूत आहे. एखादा चांगला सर्व्हर आणि महिन्याकाठी काही तास लक्ष देणारा जाणकार एवढ्यावर हे चालतं. परवान्याचा खर्च नाही. पण तो जाणकार फुकट नसतो, आणि त्याचं काम वगळून किंमत सांगणारा सल्लागार गिऱ्हाइकाशी प्रामाणिक नाही.

दोन्ही टोकांना सारखी भेडसावणारी अडचण म्हणजे नियम मधेच बदलणं. एखाद्या परवान्याच्या वाटेत जानेवारीत तीन टप्पे होते आणि एप्रिलमध्ये परिपत्रकाने चौथा आला, तर मार्चमध्ये अर्ज केलेल्याचं काय? बीपीएमएन घराण्यातली इंजिनं आकृतीची प्रत्येक आवृत्ती जपतात. जुना अर्ज जुन्या वाटेने संपतो, नवा नव्या वाटेने जातो, आणि कोणाला जुन्या वाटेवरून नव्यावर हलवायचंच असेल तर तो निर्णय वेगळा नोंदवावा लागतो. साध्या याद्यांत, ईआरपीनेक्स्टमध्येही, यादी बदलली की चालू कागदांवरही परिणाम होतो. कायद्याच्या दृष्टीने हा भेद गंभीर आहे. अपिलात उभं राहून ‘अर्ज केला तेव्हा ही अट नव्हती’ असं म्हणणाऱ्या नागरिकाला ते सिद्ध करायचं साधन आवृत्तीच्या नोंदीतच मिळतं. यादी वापरायची असेल तर तिची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपायची शिस्त कार्यालयाने स्वतः लावून घ्यावी.

इतिहासाचे तक्ते फुगत जातात हीसुद्धा नेहमी मागे ढकलली जाणारी बाब. प्रत्येक पायरीची नोंद ठेवणारं इंजिन काही वर्षांत मूळ कामापेक्षा मोठा इतिहास साठवून बसतं. कागदांसाठी महाराष्ट्रात अभिलेख किती वर्षं ठेवायचे, कोणते नष्ट करायचे, याचे नियम पूर्वीपासून आहेत. तेच वर्ग इंजिनाच्या नोंदींना लावून टाकणं बसवण्याच्या दिवशीच करायला हवं.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष ठाम झाला आहे: इंजिन कोणतं हा दुय्यम प्रश्न, वाट कोणाच्या हातात हा खरा. खुलं इंजिन घेतलं, पण अवस्थांची यादी आणि आकृती कंत्राटदाराच्या सर्व्हरवर, त्याच्याच माणसांना कळेल अशी राहिली, तर महापालिका पूर्वी जितकी बांधलेली होती तितकीच आजही आहे. उलट यादी कार्यालयाने लिहिली, लिपिकापासून उपायुक्तापर्यंत सर्वांनी वाचली, नागरिकांसाठी प्रसिद्ध झाली, तर उद्या इंजिन बदलावं लागलं तरी नुकसान मर्यादित राहतं. म्हणून निविदेत तीन गोष्टी लेखी असाव्यात. प्रत्येक सेवेची आकृती किंवा यादी महापालिकेच्या मालकीची राहील, आणि ती बीपीएमएन किंवा साध्या मजकुराच्या रूपात, प्रत्येक बदलानंतर, महापालिकेकडे जमा होईल. चालू आणि संपलेल्या अर्जांचा इतिहास पूर्ण डेटाबेसच्या रूपात मागेल तेव्हा मिळेल. आणि संगणक विभागातल्या किमान दोन कर्मचाऱ्यांना यादी स्वतः बदलून चाचणी सर्व्हरवर चालवता येईपर्यंत शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.

सुरुवात नळजोडणीपासून करावी. तिच्या पायऱ्या कमी असतात, जागेवर जाऊन पाहणी असते, पैसे भरणं असतं, आणि शेवटी घरात पाणी आलं की नाही हे अर्जदाराला स्वतः तपासता येतं. बांधकाम परवानगीला सर्वांत शेवटी हात लावावा, तोवर खात्यांना एकमेकांच्या मुदती पाळायची सवय लागलेली असेल.